टो बरोबर, तरी गाडी ओढते: खाली घेतलेल्या 911 एससीबद्दल

तुमची गाडी 1982 ची पोर्शे 911 एससी, मूळची अमेरिकेत विकलेली. पुढचे ॲडजस्टिंग स्क्रू फिरवून नाक खाली घेतलंत, मागचे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे) दात सरकवून बसवलेत, मग अलाइनमेंट करून आणली. कागदावर सगळे आकडे मर्यादेत आहेत. तरी फ्रीवेवर जुन्या काँक्रीटचे सांधे लागले की गाडी कधी डावीकडे ओढते, कधी उजवीकडे. दुकानदार म्हणतो, जुनी गाडी आहे, असंच चालायचं.

त्याचं ऐकू नका. नीट बसवलेली एससी हात सैल ठेवला तरी सरळ जाते. माझ्याकडे 1979 ची एससी पंधरा वर्षं आहे, त्यामुळे हे खात्रीने सांगतो.

अलाइनमेंटचा कागद गाडी उभी असताना निघतो. चाक वर-खाली होताना टो, म्हणजे चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळल्याचा कोन, किती बदलतो हे त्यात येतच नाही, आणि तुमचं दुखणं नेमकं तिथे आहे. यालाच बंप स्टिअर म्हणतात.

पुढची रचना डोळ्यांसमोर आणा. चाक खालच्या ए-आर्मवर (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या दांड्यावर) झुलतं, म्हणजे ते एका कमानीत फिरतं. स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या टाय रॉडचं बाहेरचं टोक दुसऱ्या कमानीत फिरतं. मूळ उंचीवर या दोन कमानी बऱ्यापैकी जुळतात, म्हणून चाकाची दिशा फारशी ढळत नाही. गाडी खाली घेतली की दोन्ही दांड्यांची बाहेरची टोकं वर चढतात, कमानींचा वेगळाच तुकडा वापरात येतो आणि तिथे त्या जुळत नाहीत. तुम्ही स्टिअरिंग घट्ट धरलेलं असतं, तरी टाय रॉड चाकाला वळवतो. दोन्ही चाकं सारखी दबली तर डाव्या-उजव्याचा परिणाम एकमेकांत जिरतो. सांध्यावर एकच चाक चढलं की गाडी सरकते.

आता उंची. अमेरिकेतल्या गाड्या तिथल्या बंपरच्या नियमांमुळे युरोपातल्यांपेक्षा उंच उभ्या असत. त्या युरोपच्या उंचीला आणणं अगदी योग्य आहे. जाणकार मडगार्डच्या कडेपर्यंत जमिनीपासून पुढे साडेपंचवीस इंच, मागे पंचवीस असं माप सांगतात. पण त्यात टायरचा आकार मिसळतो. टायर बदलला की माप बदललं. त्यापेक्षा पुढे चाकाचा मध्य आणि टॉर्शन बारचा मध्य यांतलं उभं अंतर मोजा. कारखान्याचं माप 108 मिमी आहे, 5 मिमी इकडेतिकडे चालतं. गाडी जितकी खाली, तितका हा आकडा मोठा. तुमचा 125 च्या पुढे गेला असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

इतकं खाली गेल्यावर आणखी एक गोष्ट बिघडते, आणि ती फार कमी लोक सांगतात. मॅकफर्सन स्ट्रटच्या (शॉक ॲबसॉर्बरचा खांबच चाकाला धरतो अशा) गाडीत बॉडी खाली येते त्यापेक्षा रोल सेंटर, म्हणजे बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो, जास्त वेगाने खाली येतो. म्हणजे वळणावर गाडीला कलवणारा तरफेचा हात लांबतो. मूळ 18.8 मिमीचे टॉर्शन बार तसेच ठेवले तर खाली घेतलेली गाडी जास्त कलते. शिवाय स्ट्रटची चाल कमी उरते आणि तो बंप स्टॉपला (चालीच्या शेवटच्या रबराला) लवकर टेकतो.

कमानी पुन्हा जुळाव्यात म्हणून स्टिअरिंग रॅकखाली लावायचे ॲल्युमिनियमचे स्पेसर (जाड तुकडे) मिळतात. ते मागवण्याआधी मोजा, ही माझी कळकळीची विनंती. माझ्या गाडीत एका दुकानाने न मोजता स्पेसर बसवले होते. एंजेलस क्रेस्ट हायवेवर एका खळग्याआधी ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे ओढली गेली, कड्याच्या बाजूला. घरी येऊन मोजलं तर रॅकच्या डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळ्या जाडीचे तुकडे होते. त्या रात्री झोप लागली नाही.

मोजणं घरी जमतं. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) पक्की ठेवा. पुढचा स्क्रू सोडून टॉर्शन बारचा ताण काढा, अँटी-रोल बारची (कलणं रोखणाऱ्या दांड्याची) लिंक सोडा, स्टिअरिंग मध्यावर बांधून टाका. चाक काढून हबवर एक सरळ पाटी बोल्टने आवळा. तिच्यासमोर दोन डायल गेज लावा, एक पुढे, एक मागे, 300 मिमी अंतरावर. मग जॅकने ए-आर्म 10-10 मिमी उचलत, चालवायच्या उंचीच्या 40 मिमी वर आणि 40 मिमी खाली असे आकडे लिहा. दोन गेजमधला फरक 1 मिमी झाला म्हणजे टो साधारण साडेअकरा मिनिटांनी बदलला. चाकाची उंची आणि टो यांचा आलेख काढा. रेघ सरळ पण तिरकी आली तर टाय रॉडची उंची चुकली आहे, रॅक वर घेऊन ती सुधारते. रेघ धनुष्यासारखी वाकली तर दोष लांबीचा आहे, स्पेसरने जाणार नाही. दोन्ही बाजू स्वतंत्र मोजा.

माझं मत विचाराल तर 108 च्या आसपास परत या, बहुधा स्पेसर लागणारच नाहीत. खालीच हवी असेल तर स्ट्रटवरचा स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा) 18-19 मिमी वर चढवून घेणं हा खरा उपाय. त्यात गाडी खाली येते, पण ए-आर्म आणि टाय रॉड मूळ कोनात राहतात आणि स्ट्रटची चालही वाचते. खर्च जास्त आहे, वेल्डिंग जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

मागचं थोडक्यात. बारला आत 40 दात, बाहेर 44. आतला एक दात 9 अंश, बाहेरचा 8.18, म्हणून एक आत आणि उलट दिशेने एक बाहेर सरकवला तर निव्वळ बदल 0.82 अंश. तुम्ही बारच्या फक्त एकाच टोकाचा दात सरकवलात का, ते तपासा. डावा-उजवा बार अदलाबदल करू नका, त्यांच्यावर खूण असते. बारचा रंग खरवडला असेल तर लगेच रंगवा, गंजलेल्या ओरखड्यातूनच बार तुटतो.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. आधी टायरची हवा, मग उंची, मग चालकाच्या सीटवर तुमच्याइतकं वजन ठेवून चारही चाकांवरचा भार, मग कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) आणि कँबर (चाकाचा आत-बाहेर कल), मग टो. मधे उंचीला हात लावलात तर पुन्हा पहिल्यापासून.

येत्या रविवारी मोजून दोन्ही बाजूंचे आकडे पाठवा, कच्चे असले तरी चालतील. स्पेसर लागले तर किती मिमीचे, ते आकड्यांवरून काढून देतो. तोवर ओल्या फ्रीवेवर गाडी पळवू नका.