स्प्लिटहून मोस्तारला जाण्याआधी व्हिसाचं स्टिकर बघा

तुम्ही लिहिलंय की क्रोएशियातल्या स्प्लिटमध्ये मुक्काम ठेवून आईवडिलांना त्रोगीर, शिबेनिक, दुब्रोवनिक आणि मोस्तार एकेका दिवसात दाखवून आणायचंय, आणि एजंट म्हणतोय, "शेंगेन आहे ना, बिनधास्त जा." हेच वाक्य आम्हालाही ऐकवलं होतं, म्हणून लगेच लिहायला बसले.

शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतो तो युरोपातल्या देशांचा गट. मोस्तार बोस्नियात आहे आणि बोस्निया शेंगेनमध्ये नाही. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून आहे. म्हणजे सकाळी स्प्लिटहून निघून संध्याकाळी परतायचं, तर शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत शिरायचं. स्टिकरवर एन्ट्रीच्या रकान्यात ०१ असेल तर बाहेर जाता येईल, परत येता येणार नाही. मुळात बोस्नियावाले तरी आत घेतील का, हा प्रश्न आहेच. भारतीय पासपोर्टवर वेगळा व्हिसा न काढता जायचं तर त्यांना मल्टिपल एन्ट्रीचा शेंगेन लागतो.

आमच्या एजन्सीचं नाव घेत नाही. कार्यक्रम त्यांनीच आखला, मोस्तारचं हॉटेलही त्यांनीच बुक केलं. तरी अर्ज भरताना आम्हा दोघांना 'अनेक' आणि सासूसासऱ्यांना 'एक' अशी खूण केली. कारण काय, तर "सीनियर सिटिझनना सिंगलच मागायचा, पटकन मिळतो." पासपोर्ट हातात आले तेव्हा विमान तोंडावर आलेलं. ऑफिसात गेलो तर या टेबलावरून त्या टेबलावर पाठवत राहिले. आधी "तिथे कोणी बघत नाही" म्हणाले, मग "आता काही होणार नाही" आणि शेवटी फॉर्म पुढे सरकवून, "सही तुमच्या वडिलांची आहे." हॉटेलचे पैसे गेले ते गेलेच.

पैशांपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. सासरे इतिहासाचे शिक्षक. मोस्तारचा तो जुना पूल १५६६ मध्ये पुरा झाला, बांधणारा हैरुद्दीन हा ऑटोमन वास्तुकार सिनानचा शिष्य, ९ नोव्हेंबर १९९३ ला तोफांच्या माऱ्यात पूल नदीत कोसळला आणि जुन्या पद्धतीनेच पुन्हा बांधून २००४ च्या जुलैत खुला झाला, हे सगळं त्यांनी वहीत उतरवून ठेवलं होतं. "तुम्ही दोघं जाऊन या" म्हणाले. आम्ही गेलो नाही. एजन्सीच्या माणसांनी साधं 'चुकलं' म्हटलं असतं तरी चाललं असतं. मला अजून राग येतो.

तेव्हा आजच चौघांचे फॉर्म मागवून स्वतः वाचा. व्हिसा अजून व्हायचा असेल तर मल्टिपल मागा आणि कव्हरिंग लेटरमध्ये मोस्तारची तारीख, बस, परतीचा दिवस स्पष्ट लिहा. मागितला म्हणजे मिळेलच असं नाही, तो निर्णय वकिलातीचा. मी काही व्हिसातज्ज्ञ नाही, नियम बदलतात; बोस्नियाच्या परराष्ट्र खात्याची साइट निघायच्या आधी पुन्हा बघाच.

सिंगल मिळालाच तर मोस्तार सोडा, पण हिरमुसू नका. शिबेनिकचं कॅथेड्रल १४३१ ते १५३५ असं शंभर वर्षं चाललेलं काम, छतासकट सगळं दगडी. बाहेरच्या भिंतीवर माणसांचे कोरलेले चेहरे आहेत, एकासारखा दुसरा नाही. आईवडिलांना तिथे घाई करू नका. त्रोगीर अर्ध्या दिवसात होतं; तिथल्या कॅथेड्रलचं, शिल्पकार राडोव्हानने घडवलेलं १२४० चं दार बघा, दोन्ही बाजूंना सिंहांवर उभे आदम आणि ईव्ह. माझ्या मते मात्र सगळ्यांत दुर्लक्षित आहे ते स्प्लिटला लागूनच असलेलं सलोना. सातव्या शतकात हे रोमन शहर पडलं, तिथली माणसं रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्याच्या भिंतीआड आली आणि त्यातून आजचं स्प्लिट वाढलं. सलोना आधी पाहिलं की राजवाड्यातली वस्ती कळते. उन्हात सावली कमी, सकाळी लवकर जा.

दुब्रोवनिक एका दिवसात करू नका, हे मी ठामपणे सांगते. एका बाजूनेच दोनशे किलोमीटरच्या वर आहे, वडीलधाऱ्यांचा दिवस बसमध्येच जाईल. दोन रात्री तिथेच काढा. गाडी घेणार असाल तर पेल्येशात्सच्या पुलावरूनच जा. जुलै २०२२ मध्ये तो झाला तो किनाऱ्याच्या रस्त्यात मध्येच येणारा नेउमचा बोस्नियातला तुकडा टाळण्यासाठीच. नकाशाच्या ॲपने किनाऱ्याचा जुना रस्ता दाखवला तर सिंगलवाल्यांची तीच अडचण पुन्हा उभी राहते. जुन्या ब्लॉगांवर या पुलाचा पत्ताच नसतो, त्यांच्या भरवशावर राहू नका.

मोस्तार जमलंच तर एक रात्र राहा. सहलींच्या बसगाड्या दुपारी गर्दी करून संध्याकाळी निघून जातात. पुलावरचा दगड घासून गुळगुळीत झालाय, आईंना पकड असलेले बूट द्या. आणि शाकाहारी असाल तर बोस्नियात 'बुरेक' (पातळ पापुद्र्यांत सारण भरून भाजलेला पदार्थ) मागू नका, तिथे तो मांसाचाच असतो. त्याऐवजी चीजची 'सिर्नित्सा' किंवा पालकाची 'झेल्यानित्सा' मागा.

आईवडिलांच्या स्टिकरवर काय छापलंय ते बघून इथेच लिहा, मग बसचं सांगते.