साखर जरा खाली आली की जातो तपासायला

"सध्या साथ आहे, मधुमेहाची नेहमीची तपासणी पुढं ढकलली तर चालेल ना?" मी समुपदेशक आहे. कोविडच्या काळात हा प्रश्न मधुमेहींकडून, आणि त्याहून जास्त त्यांच्या मुलांकडून, इतक्या वेळा ऐकला की उत्तर एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं. प्रश्न अवाजवी नव्हता. मधुमेह असताना संसर्ग झाला तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो, हे खरंच आहे. त्यात दवाखान्यांचीही घडी विस्कटलेली होती. जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२० मध्ये १५५ देशांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यातल्या ४९ टक्के देशांत मधुमेहाचे उपचार काही अंशी किंवा पूर्ण खंडित झाले होते. पण माझ्याशी बोलणाऱ्या बहुतेकांची अडचण निराळी होती. लॅब उघडी, डॉक्टर फोनवर उपलब्ध, तरी पाऊल उचलत नव्हतं.

त्यातलेच एक गृहस्थ. साठीच्या आतबाहेरचे, बारा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या सुरू, इन्सुलिन नाही. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) शेवटची तपासणी होऊन चौदा महिने झाले होते. मुलीनं वेळ घेतली आणि व्हिडिओ कॉलवर बाबांना पुढं बसवलं.

"मॅडम, लॅबमध्ये दहा जण खोकत बसलेले असतात. रिपोर्ट आणायला जायचं आणि आजार घेऊन यायचा?"

"घरी येऊन रक्त घेणारं कुणी मिळतं का?"

"मिळतं. पण तोही दहा घरं फिरून आलेला असणार."

"सकाळची पहिली वेळ घेतली, दोघांनी मास्क लावला, खिडकीजवळ बसून पाच मिनिटांत काम उरकलं, तर?"

"बघू. तसं घरच्या मशीनवर साखर बरी येतेच की."

इथं माझे कान टवकारले. भीती संसर्गाचीच असेल तर उपाय सुचवल्यावर ती थोडी तरी उतरते, माणूस उलट प्रश्न विचारतो, वेळ विचारतो. इथं प्रत्येक उपायाला नवं कारण तयार होतं. असं झालं की दुखणं बहुधा दुसरीकडे असतं.

मुलीला ग्लुकोमीटर आणायला सांगितला. मशीनच्या मेमरीत प्रत्येक आकडा तारीख-वेळेसकट राहतो, हे बहुतेकांच्या लक्षातच नसतं. ती एकेक आकडा वाचत गेली. सगळे सकाळचे, उपाशीपोटीचे, १४० च्या आसपास. जेवणानंतरचा एकही नाही. मधे आठ-आठ दहा-दहा दिवसांच्या फटी.

"या दिवसांत काय झालं?"

"त्या दिवसांत खाण्याचं जरा इकडंतिकडं झालं होतं," ते म्हणाले. "बघून काय करायचं? वाढलेलीच असणार."

म्हणजे मशीन रोज टेबलावर होतं, पण ज्या दिवशी त्याची खरी गरज होती त्या दिवशी ते डबीतच राहत होतं. मग मी विचारलं, "समजा, उद्या सकाळी साथ संपली. जगात एकही रुग्ण उरला नाही. परवा तपासणीला जाल?"

बराच वेळ उत्तर आलं नाही. मुलगी काहीतरी बोलणार होती, मी तिला हातानं थांबवलं.

"परवा नाही," ते शेवटी म्हणाले. "महिनाभर नीट पथ्य करीन, चालीन. साखर जरा खाली आली की जातो."

हा एक प्रश्न मी हातचा राखून ठेवते आणि त्यानं क्वचितच निराशा केली आहे. या गृहस्थांना विषाणूपेक्षा आकड्याची धास्ती होती. मागच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, "एवढे शिकलेले तुम्ही, आणि हे काय?" ते वाक्य चौदा महिने त्यांच्या डोक्यात घर करून होतं. साथीनं त्यांना न जाण्याचं एक प्रतिष्ठित कारण दिलं, जे कुणी खोडून काढणार नव्हतं.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीनं काम करते. त्यात मी सगळ्यात आधी शोधते तो माणसाच्या मनातला 'च', म्हणजे 'असंच झालं पाहिजे' हा हट्ट. त्यांचं मनातलं वाक्य असं होतं: "आकडा चांगला आलाच पाहिजे, नाहीतर मी बेजबाबदार ठरतो." ते आम्ही दोघांनी मिळून बदललं: "आकडा चांगला यावा असं मला फार वाटतं. नाही आला तर औषध बदलावं लागेल, आणि ते आज कळलेलं बरं." डॉक्टरांपुढं काय म्हणायचं तेही ठरवलं: "चौदा महिने तपासणी झाली नाही. आकडा वाढलेला असेल. पुढं काय करायचं ते सांगा." हे वाक्य त्यांनी मोठ्यानं दोन-तीनदा म्हणून पाहिलं. पहिल्यांदा घसा दाटला, तिसऱ्यांदा अगदी सरळ आलं. रागावणाऱ्या माणसाला रागवायला जागाच उरत नाही, असं तेच म्हणाले.

'महिनाभर पथ्य, मग तपासणी' हा बेत वैद्यकीयदृष्ट्याही फसवा आहे. एचबीएवनसी, म्हणजे आपण जिला तीन महिन्यांची साखर म्हणतो, ती लाल पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि या पेशी साधारण १२० दिवस जगतात. आकड्यात शेवटच्या महिन्याचा वाटा जवळपास निम्मा असतो. म्हणजे महिनाभर कडक पथ्य करून गेलात तर येणारा आकडा ना धड जुन्या साखरेचा, ना नव्या. त्यावरून डॉक्टरांनी औषध कसं ठरवायचं? आधी तपासा, मग पथ्य करा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा; पथ्याचं श्रेय तेव्हाच नेमकं दिसतं. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, त्यामुळं गर्दी नसलेली कोणतीही वेळ घेता येते. अंगात रक्त कमी असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा, आकडा चुकीचा येऊ शकतो.

त्यांची दुसरी अडचण अशी, की तपासणी म्हणजे एका दिवशी, एका ठिकाणी, सगळं एकदम, असं त्यांनी धरलं होतं. तो डोंगर पाहूनच ते मागं फिरत. तो फोडायचा. प्रत्येक तपासणीला दोन प्रश्न विचारायचे: ही किती थांबू शकते, आणि कशामुळं थांबू शकणार नाही?

घरी होण्यासारखी पहिली गोष्ट रक्तदाब. पट्टा उघड्या दंडावर, शर्टावरून नाही. त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी किंवा तंबाखू नको, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पावलं जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, हात हृदयाच्या पातळीवर. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. बोलत बोलत मोजलेला रक्तदाब हमखास जास्त येतो.

साखर मोजताना हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. बोटाला फळाचा रस किंवा गोडाचा अंश असला तर आकडा खोटा वाढतो. साथीत सगळ्यांच्या हाताला सॅनिटायझर असायचा. तो ओला असतानाच टोचलं तरी आकडा बिघडू शकतो. बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचा, दुखतं कमी. पट्ट्यांची डबी लगेच बंद करा, दमट हवेनं पट्ट्या खराब होतात. मशीन आणि लॅब यांच्या आकड्यांत थोडा फरक असतोच. १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंतची तफावत चांगल्या मशीनलाही माफ आहे. पट्ट्या मोजक्या असतील तर रोज एकच जेवण निवडा: त्याआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. दुसऱ्या दिवशी दुसरं जेवण. आठवड्यात सगळं चित्र दिसतं. सर्वसाधारण लक्ष्य जेवणाआधी ८० ते १३० आणि नंतर १८० च्या आत. तुमचं लक्ष्य डॉक्टर वेगळं ठरवू शकतात. ७० च्या खाली आकडा गेला तर १५ ग्रॅम साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा.

मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) वर्षातून एकदा तरी, त्याच रक्ताच्या फेरीत उरकतं. लघवी सकाळची पहिली. ताप किंवा लघवीचा संसर्ग असताना देऊ नका, अल्ब्युमिन उगाच जास्त दिसतं.

पायांकडे मी मुद्दाम जास्त वेळ दिला. मुलीला पायांची संवेदना बघायची एक साधी चाचणी सांगितली, तिला इप्सविच टच टेस्ट म्हणतात. बाबांनी डोळे मिटायचे. तिनं तर्जनीचं टोक पिसासारखं हलकं, एक-दोन सेकंद, त्यांच्या पायाच्या बोटाच्या टोकावर टेकवायचं. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं आणि डावं मधलं बोट. स्पर्श कळला की त्यांनी "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. दाबायचं नाही, घासायचं नाही, हुकलं तर पुन्हा करायचं नाही. "आता कळलं का?" असं विचारायचं नाही, कारण प्रश्नातच उत्तर जातं.

"उजवा." मग शांतता. "डावा." पुन्हा शांतता. "उजवा." "डावा."

"झालं? चारच वेळा केलंस ना?" त्यांनी डोळे उघडून विचारलं. मुलगी माझ्याकडं बघत होती. दोन्ही करंगळ्या त्यांना कळल्याच नव्हत्या. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी स्पर्श न कळणं म्हणजे संवेदना कमी झाल्याची शंका, आणि तो पाय डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहायला हवा. "मग दाखवून येतो," ते स्वतःहून म्हणाले. मी काहीच सुचवलं नव्हतं.

काही गोष्टी मात्र साथ कितीही जोरात असो, त्याच दिवशी दाखवायच्या. पायाला जखम, फोड किंवा काळपट डाग, मार न लागता एक पाऊल गरम होऊन सुजणं, अचानक दृष्टी अंधूक होणं किंवा डोळ्यांपुढं काळे ठिपके येणं, छातीत दुखणं, उलट्यांबरोबर धाप लागणं. आणि ताप-उलट्यांच्या दिवसांत काय करायचं हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खाणं कमी झालं म्हणून ते आपल्या मनानं बंद करायचं नाही. साखर दर चार तासांनी बघायची. मेटफॉर्मिन आणि नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्या अशा वेळी काही दिवस थांबवाव्या लागू शकतात, म्हणून ते फोनवर विचारायचं. ग्लिफ्लोझिन चालू असताना साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. मशीनचा आकडा बरा दिसला म्हणून उलट्या अंगावर काढू नका. औषधांचा दोन आठवड्यांचा जादा साठा घरात असलेला बरा.

गृहस्थांनी रक्त घरीच दिलं. एचबीएवनसी ८.९ आली, म्हणजे सरासरी साखर २०९ च्या घरात. सकाळचे १४० काय झाकत होते ते त्यातून दिसलं. डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलताना त्यांनी ठरवलेलं वाक्य वापरलं. एक गोळी वाढली. पायासाठी ते सकाळी सगळ्यात आधीची वेळ घेऊन गेले, बाहेर उघड्यावर थांबले, बोलावल्यावरच आत गेले आणि तपासणी करून परतले.

डोळ्यांची तपासणी तेवढी राहिली होती. मागच्या वेळी पडदा स्वच्छ होता, नवी तक्रार नव्हती, म्हणून डॉक्टरांना विचारून ती तीन महिन्यांनंतरची ठरवली, पुढच्या एचबीएवनसीच्याच आठवड्यात. पडद्यावर आधीच दोष सापडलेला असता तर ती पुढं ढकलू दिली नसती.