समुद्राकाठच्या घराचं छप्पर: पावसाआधीचे चार प्रश्न

आंबे उतरायला लागले की छपराचे प्रश्न यायला लागतात. यावेळचे चार घेतलेत. चारही वाचताना एक गोष्ट डोक्यात ठेवा, खाऱ्या हवेत कौल किंवा पत्रा आधी जात नाही, त्याला धरून ठेवणारं लोखंड आधी जातं. तपासायचं ते तेच.

दापोलीजवळ आमचं जुनं मंगलोरी कौलांचं घर आहे. आम्ही मुंबईत असतो, मे महिन्यात आणि गणपतीला जातो. दरवर्षी फुटलेली कौलं बदलतो तरी माजघरात गळतंच. सरळ पत्रा टाकावा का?

पत्र्याची घाई करू नका. कौल अख्खं असलं तरी गळतं आणि तुमच्याकडे बहुतेक तेच होतंय. कौलाला ज्या खाचा असतात त्यात पाचोळा, माती, शेवाळ बसलं की पाणी पुढे जायचं सोडून तुंबतं आणि कडेवरून आत उतरतं, मग तुम्ही कितीही फुटकी कौलं बदला. आधी दरवर्षी शाकारणी व्हायची ती ह्यासाठीच, कौलं उतरवून झाडून पुसून परत लावायची. आता माणसं मिळत नाहीत हे मान्य, पण दोन-तीन वर्षांतून एकदा तरी पूर्ण करून घ्या आणि मधल्या वर्षी निदान दोन पाखी (छपराच्या उतरत्या बाजू) मिळतात तिथली पन्हळ साफ करा कारण सगळा पाचोळा तिथेच जमतो.

कौलं उतरवलीच आहेत तर रिपा, म्हणजे कौलं ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्ट्या, बघा. स्क्रूड्रायव्हरचं टोक रिपेत दाबायचं, सहज आत गेलं तर रीप कुजलीय नाहीतर वाळवी लागलीय. आणि खिळे बघा! साधे लोखंडी खिळे असतील तर त्यांची डोकी गंजून गळालेली असतात, रीप नुसती वजनावर टेकून राहते आणि हळूहळू खाली सरकते, मग वरच्या सगळ्या कौलांची बसण बिघडते. नवीन मारताना गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसचेच खिळे आणा, फरक काही फार पैशांचा नाहीये.

नवीन कौलं घ्यायच्या आधी जुन्या कौलाची मागची बाजू बघा, कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं. दुसऱ्या कारखान्याचं कौल दिसायला सारखं असलं तरी खाच नीट बसेलच असं नाही, त्यामुळे कुठे जुनं घर उतरवत असतील तर त्याच शिक्क्याची पन्नासेक कौलं घेऊन पडवीत रचून ठेवा. माकडांचा त्रास असेल तर छपरावर आलेल्या फांद्या छाटा, त्रास पूर्ण नाही जाणार पण उड्या कमी होतील.

अलिबागला गच्चीवर पत्र्याची शेड आहे, सहा वर्षं झाली. वरून पत्रा चांगला दिसतो पण खालून गंज आलाय, स्क्रूंभोवती जास्त. वरून रंग मारला तर चालेल का?

नाही चालणार, गंज खाली आहे तर वरून रंग मारून काय होणार. समुद्राजवळ हे नेहमीचं आहे, वरचं मीठ पाऊस धुऊन नेतो पण खालच्या बाजूला पाऊस लागतच नाही, तिथे मीठ बसतं ते बसतंच आणि रात्रीच्या दमट हवेत ओलं होऊन पत्रा खात राहतं. दिवाळीनंतर एकदा आणि होळीच्या सुमारास एकदा साध्या गोड्या पाण्याने पाईप लावून खालची बाजू आणि वळचण धुवा, ह्याच्याइतकं स्वस्त मेंटेनन्स दुसरं नाही.

स्क्रूंचं म्हणाल तर वायसरचं रबर उन्हाने कडक होऊन चिरतं आणि पाणी तिथून शिरतं. चिरलेली वायसर दिसली की स्क्रूसकट बदला, भोक सैल झालं असेल तर थोडा जाड स्क्रू लावा. जिथे नुसता वरवरचा गंज आहे तिथे घासून झिंक प्रायमर आणि मग रंग, पण भोक पडलेला पत्रा बदलायचाच. आणि एसीच्या तांब्याच्या पाईपवरून पाणी पत्र्यावर ठिबकत असेल तर ते आधी दुसरीकडे वळवा, तांब्यावरून आलेलं पाणी पत्र्यावरचा जस्त-ॲल्युमिनियमचा थर खातं.

मालवणला स्लॅबचं घर आहे. आतून पोपडे पडून सळई दिसायला लागली. गवंडी म्हणतो प्लास्टर करून देतो.

ताई, हे प्लास्टर करू नका. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट आतून फोडते, वर प्लास्टर लावलं तर दोन-चार पावसांत तेही पडेल, आणि खाली कोणी बसलेलं असेल तर काय? आपल्याकडे किती घरांत खाडीची रेती न धुता वापरलीय, मग मीठ काँक्रीटच्या आतच असतं.

आधी हातोडीने सगळा स्लॅब हलके ठोकून घ्या, जिथे पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण करा. तेवढं सगळं तोडून सळई मागूनही मोकळी करायची, गंज पूर्ण घासायचा, गंजरोधक कोट लावायचा आणि मग पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मालाने) भरायचं. सळई झिजून बारीक झाली असेल तर गवंड्याचं काम संपलं, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. हे सगळं गच्चीतून पाणी झिरपणं वरून बंद केल्याशिवाय करू नका नाहीतर पैसे पाण्यात. कठड्याच्या मुळाशी गोल वाटा (कठडा आणि गच्ची मिळते तिथली सिमेंटची गोलाई) आहे का, तिला तडा गेलाय का, पाणी जायच्या पाईपचं तोंड मोकळं आहे का, हे बघा. रिपेअर झाल्यावर पाईपचं तोंड बंद करून 24 तास पाणी उभं करा, खाली ओल आली नाही तरच उरलेले पैसे द्या.

श्रीवर्धनला राहतो. वादळाच्या भीतीने पत्र्यावर दगड ठेवलेत, पुरे का?

दगड आजच उतरवा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ तुमच्याच किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी 100 किलोमीटरच्या वर होता, अशा वाऱ्यात पत्रा उचलला की दगड थेट माणसावर येतो. वारा पत्र्याला वरून दाबत नाही, वर ओढतो, आणि सगळ्यात जास्त ओढतो तो कडेला, कोपऱ्यात आणि आढ्यापाशी. त्यामुळे तिथे स्क्रू किंवा जे-हुक (पत्रा खालच्या आधाराला अडकवणारे वाकडे बोल्ट) मधल्यापेक्षा जवळजवळ लावा. मग वासा भिंतीला कशाने बांधलाय ते बघा, नुसता टेकवलेला असेल तर लोखंडी पट्टी आणि बोल्टने जखडून घ्या, कारण पत्रा घट्ट आणि वासा सुटा असेल तर अख्खं छप्पर एकदम उडतं. हे काम मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरका, तौक्ते चक्रीवादळ 2021 मध्ये मेच्या मध्यालाच कोकणाला घासून गेलं होतं. आणि पत्रा सिमेंटचा असेल तर त्याच्यावर थेट पाय देऊ नका, बोल्टांच्या ओळीवर आडवी फळी टाकूनच चढा आणि खाली एक माणूस उभा ठेवा.