माध्यम कोणतं, हा प्रश्न नंतरचा

चित्रं काढतेस, व्हिडिओ करतेस, पथनाट्यातही असतेस, आणि विचारतेस 'मी नक्की कोण?' अगं, ती काळजी कॅटलॉग छापणाऱ्यांना करू दे.

रुमाना हुसेन यांचं काम शोधून बघ. त्या मुळात चित्रकार. १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली, मुंबईत दंगली पेटल्या, आणि नुसतं रंगवणं त्यांना पुरेना. फुटकी मडकी, आरसे, गेरू कामात आले. १९९५ मध्ये मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या आवारात त्या पायांत घुंगरू बांधून, हातात कापलेली पपई धरून, तोंड वासून पण आवाज न काढता फिरल्या. मुसलमान आणि बाई, दोन्ही असणं त्यांनी स्वतःच्या देहावर घेतलं. १९९९ मध्ये त्या गेल्या. ते सादरीकरण आज आपल्याला कळतं ते कॅमेऱ्याने केलेल्या चित्रणामुळे. म्हणून तूही नोंदी ठेव: तारीख, जागा, साहित्य, कॅमेरा कुणाचा.

दुसऱ्यांच्या दुःखावर काम करताना मात्र जपून. मी एकदा एका मावशींचा फोटो न विचारता प्रदर्शनात लावला. त्या उद्घाटनाला आल्या, बघितला, आणि चहाही न घेता गेल्या. तेव्हापासून आधी परवानगी, मग मानधन, आणि तयार झालेलं काम सगळ्यात आधी त्यांनाच दाखवायचं. नको म्हणाल्या तर काढायचं. जीव तुटतो, पण काढायचं.

आणि शाळेतली नोकरी एवढ्यात सोडू नकोस. अनुदानाचे पैसे उशिरा येतात, घरभाडं वेळेवर.