किंगपिन बेअरिंगचा प्रीलोड : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांचे पुढचे चाक स्टेअरिंग नकलसह (एक्सलच्या टोकाला चाक धरणाऱ्या वळत्या भागासह) वर-खाली बसवलेल्या दोन किंगपिनवर, म्हणजे खुंट्यांवर, वळते. बहुतेक गाड्यांत या पिनांवर समोरासमोर दोन टेपर (निमुळते) रोलर बेअरिंग असतात. पिनेखालचा पातळ शिम (अंतर भरणारी धातूची चकती) काढला की पिन आत सरकते आणि रोलर कपावर, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर, अधिक दाबले जातात. या कायमच्या दाबाला प्रीलोड म्हणतात. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्याकडे जुनी महिंद्रा जीप आहे. ताशी पन्नासच्या आसपास खड्डा लागला की पुढची दोन्ही चाके जोरात थरथरतात आणि गाडी जवळजवळ थांबवावी लागते. गॅरेजमध्ये दोन्ही बाजूंचा एकेक शिम काढून दिला. महिनाभर गाडी ठीक चालली, पण आता पुन्हा तोच त्रास सुरू झाला आहे. आणखी एक शिम काढावा का? (सातारा)

उत्तर : काढू नये. निदान बेअरिंग उघडून पाहिल्याशिवाय तर मुळीच काढू नये.

आधी हे थरथरणे कशाने होते ते पाहू. सरळ एक्सलच्या गाडीत दोन्ही चाके टायरॉड या आडव्या दांड्याने जोडलेली असतात. एका चाकाला धक्का बसला की दोन्ही चाके किंगपिनभोवती डावी-उजवीकडे झुलू लागतात. प्रीलोड योग्य असेल तर बेअरिंगमधील घर्षण ती झुलणी लगेच शोषून घेते. प्रीलोड गेला असेल तर ठरावीक वेगाला झुलणी विरण्याऐवजी वाढत जाते. म्हणूनच शिम काढल्यावर गाडी काही काळ सुधारली. परंतु महिनाभरात त्रास परत आला याचा अर्थ तेथे काहीतरी झिजते आहे, आणि झिजलेले बेअरिंग अधिक आवळल्याने त्याची झीज केवळ वाढते.

किंगपिन बेअरिंग पूर्ण फिरत नाही. ते आयुष्यभर थोड्याशा कोनात मागे-पुढे होत राहते. गाडी बहुतांश वेळ सरळ चालत असल्याने रोलर कपाच्या त्याच त्या जागी आदळतात, तेथील ग्रीस बाजूला सरते आणि कपावर रोलरच्या आकाराचे खळगे पडतात. असा कप पुसून बोट फिरवले तरी खळगे लागतात. खळग्यांच्या बेअरिंगला बरोबर प्रीलोड देताच येत नाही, कारण चाक सरळ असताना रोलर खळग्यात उतरतात आणि दाब कमी होतो, तर चाक वळवताच ते कडेवर चढतात आणि दाब वाढतो. नेमके ज्या स्थितीत घर्षण हवे, त्याच स्थितीत ते मिळत नाही.

बेअरिंग उघडण्यापूर्वी एक तपासणी करा. मागच्या चाकांना दगड लावून पुढचा एक्सल घोडीवर घ्या आणि चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष हबच्या बेअरिंगमध्ये आहे. तसाच राहिला तर तो किंगपिनमध्ये आहे. त्यानंतर चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवा आणि टायरॉड एंड, म्हणजे टायरॉडच्या टोकाचे सांधे, पाहा. किंगपिनच्या टोपणाचे बोल्ट सैल झाले असले तरी लक्षणे अशीच असतात, त्यामुळे प्रथम तेच तपासावेत. नवे बेअरिंग घालायचे ठरले तर कपही नवेच घालावेत; जुन्या कपावर नवे बेअरिंग बसवण्याची काटकसर महागात पडते.

प्रश्न : मारुती जिप्सीचे किंगपिन बेअरिंग मी स्वतः बदलले. प्रीलोड मोजायला ताणकाट्याने नकल ओढली तर साडेतीन ते चार किलो भरतात, तर गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात 1.0 ते 1.8 किलो लिहिले आहे. शिम वाढवावेत का? (कुडाळ)

उत्तर : आपण नकलचे ऑइल सील जागेवर ठेवून मोजले असावे, असे माझे मत आहे. पुस्तकातला आकडा सील काढलेल्या स्थितीचा आहे. एक्सलच्या गोळ्यावर दाबून बसणारे हे सील, विशेषतः नवे असताना, बेअरिंगपेक्षाही जास्त अडथळा करू शकते. ते तसेच ठेवून शिम वाढवत गेलात तर काट्यावर आकडा बरोबर दिसेल, पण बेअरिंग प्रत्यक्षात सैल राहील. आणि पुढे सील झिजले की आपल्यालाही साताऱ्याच्या वाचकांसारखाच त्रास सुरू होईल.

म्हणून सीलच्या पट्ट्यांचे बोल्ट काढून सील एक्सलच्या नळीकडे मागे सरकवा. टायरॉड आणि ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सकडून येणारा दांडा) सोडवा, चाक काढा आणि ब्रेकचा होज नकलच्या वळणाला ओढ देत नाही याची खात्री करा. ब्रेकचा कॅलिपर काढला असेल तर तो तारेने टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. बेअरिंगला ग्रीस लावून नकल चार-सहा वेळा दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, म्हणजे रोलर आपल्या जागी बसतील. मग टायरॉडच्या भोकात काटा अडकवून नकलच्या आर्मशी काटकोनात हळूहळू ओढा. जिप्सीच्या पुस्तकातला आकडा नकल हलायला लागण्याच्या क्षणाचा आहे. काटा तिरपा धरला किंवा हिसका दिला तर मोजमाप फसते.

शिम निवडताना सुरुवात नेहमी सैल बाजूने करावी. पिन थोडी खेळेल इतके शिम आधी घाला, मग थोडे थोडे कमी करत खेळ संपवा आणि त्यापुढे काटा पाहत नेमका आकडा गाठा. प्रत्येक वेळी सर्व बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळूनच मोजायचे. अर्धवट आवळलेल्या बोल्टवरच्या मोजमापाला काहीही अर्थ नाही. हे काम कंटाळवाणे आहे, तरीही हाताच्या अंदाजावर ते सोडू नये. एक किलो आणि तीन किलो यांतला फरक काट्यावर स्पष्ट दिसतो, पण जड नकल हाताने फिरवताना तो भल्याभल्यांना ओळखता येत नाही.

कोकणातल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ओढ्या-नाल्यांतून गाडी घातली असेल तर नकलमध्ये शिरलेले पाणी तळाशी साचते आणि खालचे बेअरिंग आधी गंजते. वरचे बेअरिंग स्वच्छ दिसले म्हणून खालचे न उघडता काम संपवू नका.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहतो आणि जुनी लँड रोव्हर वन-टेन बाळगून आहे. सामान तोलण्याच्या डिजिटल काट्याने प्रीलोड मोजता येईल का, आणि जिप्सीचाच आकडा वापरता येईल का?

उत्तर : जिप्सीचा आकडा वापरू नका. दोन्ही किंगपिनांवर टेपर बेअरिंग असलेल्या वन-टेनसाठी 1.16 ते 1.46 किलो हा आकडा आहे, आणि तो नकल हलायला लागल्यानंतर सावकाश वळत असतानाच्या ओढीचा आहे. काही लँड रोव्हरमध्ये वर टेपर बेअरिंगऐवजी रोलर नसलेला रेल्को बुश असतो; त्यांचा आकडा निराळा असल्याने आधी आपल्या गाडीत काय आहे ते पाहून घ्यावे. डिजिटल काटा बहुधा सर्वांत मोठा, म्हणजे नकल हलण्याच्या क्षणाचा, आकडा धरून ठेवतो, त्यामुळे येथे साधा स्प्रिंगचा काटा अधिक उपयोगी.

काटा कुठे अडकवला यालाही तितकेच महत्त्व आहे. किंगपिनच्या मध्यापासून 16 सेंटीमीटरवर 1.4 किलो लागत असतील, तर 20 सेंटीमीटरवर तोच पीळ द्यायला 1.12 किलो पुरतात. म्हणून पुस्तकात सांगितलेले भोकच वापरावे.

प्रश्न : शिम मिळत नाहीत. पत्र्याचे कापून घातले तर चालतील का? (नाशिक)

उत्तर : जाडी माहीत असलेल्या पितळी किंवा पोलादी शिम पत्र्यापासून कापलेले चालतात. कडांचे बूर घासून काढा आणि प्रत्येक शिम मायक्रोमीटरने मोजा. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा वापरू नका. त्यावरचा रंग आणि आतला थर दबत जातो आणि प्रीलोड निघून जातो. वर आणि खाली दोन्हीकडे शिम असलेल्या गाडीत सर्व फरक एकाच बाजूला करू नये, कारण त्याने नकल वर किंवा खाली सरकते आणि एक्सल शाफ्टचा सांधा मध्यावरून हलतो.

प्रश्न : बेअरिंग बदलल्यापासून वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही. चालवत राहिल्यावर ते मोकळे होईल का? (सातारा)

उत्तर : त्याची वाट पाहू नका. घाटातल्या वळणांवर अशी गाडी चालवणे धोक्याचे आहे. पुढचा एक्सल उचलून टायरॉड आणि ड्रॅग लिंक सोडवा आणि प्रत्येक नकल वेगवेगळी वळवून पाहा. त्यांपैकी एखादी जड लागली तर त्या बाजूचे सील मागे सरकवून प्रीलोड पुन्हा मोजा आणि शिम वाढवा. दोन्ही सारख्याच मोकळ्या असतील तर दोष टायरॉड एंड, स्टेअरिंग बॉक्स किंवा कॅस्टरमध्ये (किंगपिनच्या मागे-पुढे असलेल्या कलात) शोधावा लागेल. स्प्रिंगच्या पाट्यांचे काम त्याच वेळी झाले असेल तर कॅस्टरचे पाचर उलटे बसले आहे का, ते सर्वांत आधी पाहा.