इंदूरमध्ये पाणी पुरत नाही, तरी सरकार दोन अपत्यांचा कायदा का करत नाही?

कारण त्या कायद्याने रामबागेतल्या नळाला एक बादलीही जास्त येणार नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशात दर बाईमागे सरासरी दोनच मुलं निघाली. लोकसंख्या टिकायला २.१ लागतात.

इंदूर जिल्हा २००१ साली २४.६६ लाखांचा होता, २०११ साली ३२.७७ लाखांचा. दहा वर्षांत तेहतीस टक्के! ही वाढ नुसती पाळण्यातली नव्हे, बरीचशी बसमधून उतरलेली आहे. कामाला, शिकायला आलेल्या या माणसांना आल्या दिवसापासून पाणी लागतं.

हिशेब करून बघा. शहरी पाणीपुरवठ्याला माणशी रोज १३५ लिटर हा मापदंड. लाखभर माणसं वाढली की १.३५ कोटी लिटर. गळती पंधरा टक्के धरली, तर नर्मदाकाठच्या जलूदहून, जिथून इंदूरचं पाणी उपसतात, निघायला हवं १.५९ कोटी. नर्मदा इंदूरहून सत्तर किलोमीटर लांब आणि चारशे मीटर खाली. हजार लिटर तेवढं चढवायला, पंप-मोटारीतली घट धरून, दीड युनिट वीज जाते. म्हणजे रोज साधारण चोवीस हजार युनिट. तरी वाद घालायचा तो शेजारच्या घरात मुलं किती यावर!

खरी चूक आकड्यात होते. मुख्य जलवाहिनी तीस वर्षांसाठी आखतात, पंप पंधरा. वाढीचा दर वर्षाला २ टक्के धरला तर तीस वर्षांत लोकसंख्या १.८ पट होते, २.९ धरला तर २.३६ पट. वाहिनी एकदा पुरली की तिचा व्यास वाढवता येत नाही. आणि हातात गणना आहे ती २०११ची. २०२१ची झालीच नाही.

पाणी हा राज्याचा विषय. ७४व्या घटनादुरुस्तीनंतर ते महापालिकेकडे सोपवता येतं. कुटुंबनियोजन केंद्र-राज्य दोघांचं. जनगणना मात्र एकट्या केंद्राची, आणि माझ्या मते सरकारचं पहिलं काम तेच.

कुटुंबनियोजन नको असं मी म्हणत नाही. खेड्यांत जन्मदर शहरापेक्षा जास्त आहे, तिथे साधनं आणि दवाखाना हवाच.

तुम्हाला काही करायचंच असेल, तर पुढच्या गणनेत भंवरकुआंच्या हॉस्टेलांतली पोरं इथे मोजली जातील हे बघा. माणूस गणनेच्या काळात राहतो तिथेच मोजतात, मतदारयादीत नाव कुठेही असो. गावी आईवडील सवयीने मुलाचं नाव सांगून टाकतात, आणि त्याचे १३५ लिटर गावाच्या खात्यात जातात.