ग्रीकमधल्या 'एक'चं पुल्लिंगी रूप 'हेइस', मग स्त्रीलिंगी 'मिआ' कसं? दोन्ही शब्द वेगळे आहेत का?

नाही, मूळ एकच. ग्रीकमध्ये 'एक' लिंगाप्रमाणे बदलतो: हेइस, मिआ, हेन. तिन्हींच्या मागे आद्य भारोपीय भाषेतला (संस्कृत, ग्रीक वगैरेंची मूळ पूर्वज भाषा) 'सेम्' हा धातू आहे. अर्थ 'एक, एकत्र'. ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीच्या 'स'चा सहसा 'ह' होतो (आपला सप्त, त्यांचा हेप्ता) आणि शेवटचा 'म्' 'न्' होतो. म्हणून 'सेम्'चं झालं 'हेन', आणि 'सेम्स्'चं 'हेन्स'वरून 'हेइस'. स्त्रीलिंगी रूप होतं 'स्मिआ'. तिथे 'म'च्या आधीचा 'स' गळून पडला, उरलं 'मिआ'. मूळचा 'म' पुल्लिंगातही होता, याला पुरावा आहे: मायसिनी काळातल्या (ग्रीकच्या सर्वांत जुन्या लेखनाचा काळ) मातीच्या पाट्यांवर चतुर्थी विभक्तीचं रूप 'ए-मे' असं सापडतं. पुढे तेच 'हेनी' झालं.

संस्कृतचा 'एक' मात्र दुसऱ्या धातूवरून आला. ग्रीकमध्ये त्या घराण्यातला 'ओइने' उरला, तोही फाशावरच्या एका ठिपक्यापुरता! उलट 'सेम्' संस्कृतात लपून बसलाय: 'सम', 'सकृत्' (एकदा), आणि 'सहस्र'मधला 'स'. सहस्र म्हणजे मुळात 'एक हजार'. त्यातला 'हस्र' आणि हजारासाठीचा ग्रीक 'खिलिओई' हे भाऊबंद. ग्रीक 'हेकातोन'ही तसाच: 'हे' म्हणजे एक, 'कातोन' म्हणजे आपलं शत.